लॉरेटाचा पाणबुड्या

"जरा बघ रे, हा जोडता येतो का," म्हणत लॉरेटाने काउंटरच्या काचेवर कागदी रुमाल ठेवला आणि हलक्या हाताने उलगडला. आत एक खेळण्यातला सैनिक होता. कमरेतून त्याचे दोन तुकडे झाले होते. धड एकीकडे, पाय दुसरीकडे.

नॉर्बर्टने हॅम कापायचं यंत्र बंद केलं, हातमोजे काढले आणि वाकून पाहिलं. उंची जेमतेम बोटभर. डोक्यावर घुमटासारखं शिरस्त्राण, पाठीवर प्राणवायूची दोन नळकांडी, पायांना बदकासारखे पंख.

"हा तर ध्रुवीय पाणबुड्या. 'सागरतळ पलटणी'तला. ती खेळणी आली त्याच्या दुसऱ्या वर्षी निघाला होता."

"असेल. कर्टचा आहे. सकाळी खण आवरताना हातात घेतला आणि कमरेतच सुटला. मी काही केलं नाही, देवाशपथ."

"तू काय करणार? आत एक रबरी कडं असतं, त्याच्यावर सगळा माणूस तोललेला. पंचवीस वर्षांत रबर वाळतं. हात लावला नाही तरी वाळतं."

"म्हणजे आपल्या गुडघ्यांसारखंच."

मागे मांसाचे तुकडे करत असलेल्या ड्वेनने मान लांब केली. "नॉर्ब, बाहुलीचं ऑपरेशन आहे वाटतं. सुरी देऊ?"

"बाहुली नाही ती."

"बरं बाबा. शूर बाहुली."

लॉरेटा हसली. नॉर्बर्टने मात्र रुमाल पुन्हा नीट दुमडला आणि अ‍ॅप्रनच्या वरच्या खिशात, छातीशी ठेवला. "पुढच्या गुरुवारी देतो," तो म्हणाला.

सेलिना गावात तळं आहे, मक्याची शेतं आहेत आणि चौकाचौकात चर्च आहे. समुद्र मात्र गाडीने पूर्ण एका दिवसाच्या अंतरावर, आणि नॉर्बर्ट हेमेलगार्नने तो आयुष्यात दोनदाच पाहिला होता. तरी त्याच्या घराच्या तळघरात समुद्राखाली लढणारे त्रेसष्ट सैनिक रांगेने उभे होते. पृथ्वी बुडाल्यावर, म्हणजे अजून दोनशे वर्षांनी, माणसं समुद्राच्या तळाशी शहरं वसवतात आणि ही पलटण त्यांची राखण करते, अशी त्या खेळण्यांची गोष्ट. नॉर्बर्टला कुठल्या सैनिकाची बंदूक कुठल्या वर्षी करड्याची काळी झाली हे पाठ होतं. एक्कावन्न वर्षांचा एकटा माणूस. आई गेल्यापासून घरात त्याला कुणी काही विचारत नव्हतं. पण आसपासच्या चार जिल्ह्यांतले संग्राहक आपले मोडके, मळके सैनिक त्याच्याकडे घेऊन यायचे. त्याच्या हाताखालून गेलेला सैनिक कालच कारखान्यातून निघाल्यासारखा दिसतो, असा त्याचा लौकिक होता.

लॉरेटा त्याच किराणा दुकानात चार नंबरच्या गल्ल्यावर बसायची. एकोणीस वर्षं दर गुरुवारी ती अर्धा पौंड हॅम घ्यायची. "फुंकर मारली तर उडेल इतकं पातळ काप हं," असं दर गुरुवारी म्हणायची, आणि तो तसंच कापायचा. आठ वर्षांपूर्वी जानेवारीत तिचा मुलगा कर्ट बर्फाळ रस्त्यावर गाडी घसरून गेला. बावीस वर्षांचा होता. अंत्यदर्शनाच्या रांगेत नॉर्बर्ट तासभर उभा राहिला होता. काय बोलायचं ते त्याने मनात घोकून ठेवलं होतं. त्याची पाळी आली, लॉरेटाने त्याचा हात हातात घेतला, आणि तो म्हणाला, "हवा फार गार आहे." ती म्हणाली, "हो ना." मागच्या माणसाने त्याला पुढे सरकवलं.

ते घोकलेलं वाक्य आठ वर्षं तसंच मनात पडून होतं. आता त्या खिशातल्या रुमालामुळे त्याला वाटलं, चला, बोलता नाही आलं, पण हे तरी आपल्याला येतं.

कडं बदलायला दहा मिनिटं लागली. पाठीचा बारीक स्क्रू काढला, नळदुरुस्तीच्या सामानातलं योग्य मापाचं कडं आकड्यात अडकवलं, पाय जोडले. सैनिक उभा राहिला, कमरेत वळला, बसलाही. काम संपलं होतं. लॉरेटाने तेवढंच सांगितलं होतं.

मग नॉर्बर्टने त्याला दिव्याखाली धरलं आणि त्याला वाईट वाटलं. मुळात हा पांढराशुभ्र गडी. विड्या ओढणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडला होता. छातीवर लाल नेलपॉलिशचा जाड थेंब वाळून बसला होता. पाठीवर बॉलपेनने दोन अक्षरं खरडली होती, के आणि डी, त्यातला के उलटा. पोरं काय हाल करतात एकेकाचे, तो पुटपुटला. असा कसा परत द्यायचा? ती काय म्हणेल, नॉर्बने नुसतं रबर घातलं?

त्या आठवड्यात तो लवकर घरी येऊ लागला. नेलपॉलिश काढायचं द्रव प्लॅस्टिकला खातं, म्हणून त्याने लाकडी दातकोरणीने तो थेंब कणाकणाने उकलला; तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. शाईवर चेहऱ्यावरच्या मुरमांची क्रीम लावून सैनिकाला खिडकीच्या उन्हात पालथा ठेवला. ही युक्ती फक्त संग्राहकांनाच ठाऊक असते. दोन दिवसांत डी पुसट झाला, मग के. रविवारी तो दहाच्या प्रार्थनेऐवजी साडेसातच्या प्रार्थनेला गेला, ऊन वाया जायला नको म्हणून. केस उजळायची क्रीम सैनिकाला चोपडून, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळून त्याने त्याला मागच्या पायरीवर ठेवलं आणि दर तासाला कूस बदलायला स्वतः शेजारी बसून राहिला. तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात ठेवून आई बसते, तसा. संध्याकाळी कोमट पाण्याने धुतला तेव्हा पाणबुड्या बर्फासारखा चमकत होता. इतकं सुरेख काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

गुरुवारी त्याने कापूस घातलेली डबी काचेवर ठेवली. लॉरेटाने झाकण काढलं.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"तुझाच. ओळखला नाहीस ना? मूळ रंग हाच. पिवळेपणा सगळा गेला, आणि पाठीवर शाई होती ना, ती..."

लॉरेटाने सैनिक उचलून उलटा केला. तिचा अंगठा त्याच्या पाठीवरून फिरला, परत फिरला. मग तिने तो सुलटा केला आणि छातीवरून अंगठा फिरवला.

"छान झालाय," ती म्हणाली. "फार मेहनत घेतलीस." डबी तिथेच ठेवून, सैनिक मुठीत धरून ती गल्ल्याकडे गेली. त्या दिवशी ती हॅम न्यायला विसरली.

थोड्या वेळाने ड्वेन म्हणाला, "तिची मधली सुट्टी सुरू झालीय. बाहेर बाकावर बसलीय. जा. मी बघतो इथलं."

नॉर्बर्ट अ‍ॅप्रनसकट बाहेर गेला. ती सैनिकाला मांडीवर ठेवून गाड्यांकडे बघत होती. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"सहा वर्षांचा होता," ती म्हणाली. "माझी नेलपॉलिशची कोरी बाटली. निम्मी याच्या छातीवर, निम्मी गालिच्यावर. मी दोन धपाटे घातले. तर रडत रडत मला समजावतोय, आई, त्याला गोळी लागलीय, पण तो अजून लढतोय. मी म्हटलं, लढू दे त्याला, तू आधी गालिचा पूस."

नॉर्बर्टने हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"आणि पाठीवर स्वतःच्या नाव-आडनावाची अक्षरं. के दुसरीपर्यंत उलटाच काढायचा. मास्तरीणबाई चिठ्ठ्या पाठवायच्या."

"माझ्याकडे शाई आहे. तसाच लाल रंगही मिळेल. मी परत..."

"नको. तू काढलंस तर ते तुझं होईल."

एक गाडी मागे घेत घेत त्यांच्यापाशी आली, थांबली, निघून गेली.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," लॉरेटा म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याला सावरून घेणंही नव्हतं. नॉर्बर्टला वाटलं, आठ वर्षांपूर्वी निदान आपण नुसतं हवेबद्दल बोललो होतो. या खेपेला होतं ते पुसून बसलो.

"याचं नाव काय रे? तुला सगळी माहीत असतात."

"कॅप्टन हॅलॉक. वेष्टनावर छापलेलं असतं. बर्फाखाली एकट्याने चौदा महिने पहारा दिलेला."

तिने थोडा विचार केला. "नाही. हे नव्हतं. कर्ट काहीतरी दुसरंच म्हणायचा. रोज जेवताना त्याच्या लढाया सांगायचा. मी हूं हूं करायचे आणि ताटं उचलायचे." तिने सैनिकाकडे पाहिलं. "एकदा जरी नीट ऐकलं असतं."

नॉर्बर्टला त्रेसष्ट नावं येत होती. ते चौसष्टावं सांगू शकेल असं कुणी आता उरलं नव्हतं. दोघं सुट्टी संपेपर्यंत बसून राहिले.

दुपारी गल्ल्यावर गर्दी झाली. चार नंबरला एक तरुण आई सामान पट्ट्यावर ठेवत होती आणि ढकलगाडीच्या बैठकीवर बसवलेलं तिचं वर्षभराचं मूल किरकिरत होतं. लॉरेटाने सैनिक गल्ल्याच्या यंत्राच्या कडेला उभा करून ठेवला होता. मुलाने तो पाहिला आणि हात लांब केला.

"अं हं, ते मावशीचं आहे," आई म्हणाली.

"असू दे. खेळू दे," लॉरेटा म्हणाली आणि तिने पाणबुड्या त्याच्या हातात दिला.

मुलाने तो आधी गाडीच्या दांड्यावर आपटला. टण् आवाज आला तसा खूश होऊन पुन्हा आपटला, जोरात. नॉर्बर्ट काउंटरमागून बघत होता. एरवी अशा आवाजाने त्याचा जीव कासावीस झाला असता. आज तो हॅमचा गोळा हातात धरून, श्वास रोखून उभा होता. मुलाने सैनिकाचं डोकं तोंडात घातलं आणि नुकत्याच आलेल्या चार दातांनी मन लावून चावलं. लाळ हनुवटीवरून ओघळली, पाणबुड्याच्या नळकांड्यांवरून खाली टपकली.

"अय्या, काय केलंस हे," त्याची आई ओशाळली. सामान भरून झालं होतं. तिने मुलाच्या मुठीतून सैनिक सोडवला, पर्समधून रुमाल काढला. "थांबा हं, पुसून देते."

"पुसू नका," लॉरेटा म्हणाली.

तिने तो ओला सैनिक तसाच घेतला, आपल्या खिशात ठेवला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान पुढे ओढलं.