गोडं पाणी सोसत नाही

मी बोलतोय, पण माझा आवाज तुमच्या कानापर्यंत पोचणार नाही. एकटा असलो तर दिसणारही नाही. मात्र आम्ही सारे भाऊबंद जमलो, की अख्खं तळं गुलाबी होतं आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मी खाऱ्या पाण्यातला एक सूक्ष्मजीव. शास्त्राची माणसं आम्हाला आर्किया म्हणतात.

माझा वाढदिवस विचारू नका. आमच्यात खाऊनपिऊन सुखी झालेला एक जण लांब होतो, मधोमध बारीक होतो आणि एकाचे दोघं होतात. त्यांतली आई कोण आणि लेक कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. तेही सगळं सावकाश. घाई आमच्या रक्तातच नाही, आणि खरं तर रक्तही नाही.

ज्या मिठात इतर जीव सुकून जातात, ते आमचं घर. पाणी आटून खारटपणा वाढला, की आम्ही आपल्या आतही क्षार साठवतो, म्हणजे बाहेरचं मीठ आमचा ओलावा ओढून घेत नाही. ऊन भाजू लागलं, की अंगातला लाल रंग छत्रीसारखा कामी येतो. हवा कमी पडली, की पोटात वायूचे फुगे धरून वर तरंगायचं आणि चक्क उजेडावर भागवायचं. सोसण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. फक्त गोडं पाणी सोसत नाही. ते अंगात शिरतं, आम्ही फुगतो आणि फुटतो.

एका संशोधक बाईंनी आम्हाला तळ्यावरून बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणलं. पुढे तळं बुजवलं, तिथे इमारती झाल्या, आणि आमच्या कुळाची तेवढी एक बाटली उरली. बाईंनी कधी आमचं मीठ कमी केलं, कधी उष्णता वाढवली, कधी उपाशी ठेवलं, आणि मग तापातल्या लेकरापाशी बसावं तशा बसून राहिल्या. इतक्या मायेनं छळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

या खोलीत मिठाच्या पाण्याला नुसतं 'पाणी' म्हणायची सवय. साधं पाणी ते 'गोडं'. बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि तिथून त्यांनी नव्या तंत्रज्ञांना फोनवर सांगितलं, की लाल बाटलीतलं पाणी आटलं असेल, तेवढं वाढवा. औषधांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला नीटनेटका माणूस तो. त्यांनी शुद्ध, गोडं पाणी आणलं आणि हात न राखता ओतलं.

मी तेव्हा बाटलीच्या तोंडाशी सुकलेल्या मिठाच्या खड्यात होतो, आत अडकलेल्या खाऱ्या थेंबात. खाली माझे सगे फुगत गेले. लाली विरली, बाटली नितळ झाली. मला फार वाईट वाटलं. मी अंग चोरून इवलीशी गोळी झालो आणि झोपेत उतरलो. त्या झोपेत ऊन होतं, वारा होता, आणि सगळे तरंगत होते.

बाई परतल्या आणि नितळ बाटली उचलून उजेडासमोर धरली.

"मॅडम, तुम्ही पाणी म्हणालात, मी पाणी घातलं," तंत्रज्ञ म्हणाले.

"चूक माझी. आमचं पाणी खारं असतं, हे तुम्हाला कोण सांगणार होतं?"

मग त्यांनी बाटलीच्या तोंडाचं मीठ खरवडलं आणि नव्या खाऱ्या पाण्यात सोडलं. खडा विरघळला, मी बाहेर आलो.

तेव्हापासून तंत्रज्ञ रोज सकाळी बाटलीमागे पांढरा कागद धरतात आणि दोघं रंग शोधतात. आज त्यांनी चाचरत विचारलं, की अजून काहीच नाही, बाटली धुवायला टाकू का. बाईंचा हात बाटलीवरच आहे.

बाई, एवढ्यात हो म्हणू नका. मी लांब झालोय, मधोमध बारीक होतोय. आम्ही आहोत. रंग दिसावा एवढे अजून झालो नाही, इतकंच.