उजव्या कोपऱ्यातला शेपट्या

मित्रांनो, जरा मान वर करा. पंख्याच्या शेजारी, छताला लोखंडी दांडीने टांगलेला, करड्या रंगाचा, पोटात सतत घरघर चाललेला तो मी. मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दिवसापासून भित्रा आहे. पंखा जोरात फिरला की मला वाटते, आता हा माझे डोके उडवणार. वीज गेली की वाटते, ही काही परत येत नाही. तुम्ही खाली मजेत खडू फेकता आणि इथे वर माझ्या काळजाचे पाणी होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझी काच पुसली, समोरच्या पडद्यावर माझा पहिला प्रकाश पाडला आणि म्हणाली, “स्वच्छ आहे.” एवढे बोलून तिने मला खोक्यात बंद केले. ते दोन शब्द मी अजून विसरलेलो नाही.

शाळेत आलो तेव्हा माझे कोण कौतुक! मी धडधडणारे हृदय दाखवले, ज्वालामुखी दाखवला, समुद्राच्या तळातले आंधळे मासे दाखवले. मुले ‘बापरे!’ म्हणून ओरडत. मुख्याध्यापक पाहुण्यांना आधी माझ्याकडे आणत आणि मग चहा पाजत. पण तिसऱ्या वर्षी जाळीतून धूळ आत शिरली आणि पोटातल्या काचेवर भाजून बसली. तेव्हापासून भिंतीवर काहीही दाखवले तरी उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, लिंबाएवढा पिवळा डाग पडू लागला. त्याला खाली बारीक शेपटीही होती. दुरुस्तीवाला म्हणाला, “आतला भाग बदलावा लागेल.” मुख्याध्यापक म्हणाले, “राहू दे, चालतंय.” मुलांनी त्या डागाचे नाव ‘शेपट्या’ ठेवले. मला त्याची फार लाज वाटे.

माझी खरी भीती मात्र वेगळीच होती. माझ्यात जे घालाल ते मी दाखवतो. खरे असो की खोटे, तितक्याच मोठ्या अक्षरांत आणि तितक्याच झगझगीत रंगांत. मला त्यातला फरक कळत नाही. एखाद्या दिवशी आपल्या हातून काहीतरी भलतेच होणार, ही धास्ती मला कायम असे. आणि तो दिवस आला.

आमच्या बाई सातवीला शिकवत. बातमी कशी तपासावी, फोटो कसा बघावा, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पण लांबच्या खोट्या बातम्या दाखवल्या की मुले जांभया देत. म्हणून बाईंनी घरी बसून एक जवळची खोटी बातमी स्वतःच तयार केली. मुलांना घरचे फोन आणायला सांगितले, कारण नंतर प्रत्येकाला एकेक बातमी शोधून तपासायची होती. पहिला तास सुरू झाला आणि मी भिंतीवर लाल अक्षरे फेकली: ‘सावधान! टाकीच्या पाण्यात विष. तीन जण दवाखान्यात. पाणी पिऊ नका. ताबडतोब सगळ्यांना कळवा.’ मागे आपल्या गावाच्या पाण्याच्या टाकीचा फोटो.

मग बाईंनी बटण दाबले आणि मी पुढचे पान दाखवले: ‘ही बातमी खोटी आहे. काल रात्री मीच बनवली. कशावरून ओळखाल?’ हशा पिकला. तारीख नाही, दवाखान्याचे नाव नाही, सांगणारा कोण ते नाही, आणि पाठवण्याची घाई मात्र केवढी! मुलांनी भराभर चुका काढल्या. बाई खूश झाल्या, मीही जरा निवांत झालो.

पण दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसत असे. जिभेने तिखट, म्हणून सगळे तिला मिरची म्हणत. तिचे बाबा त्याच टाकीवर कामाला होते. रोज दोनदा शिडी चढायची, पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर टाकायची आणि झडप उघडून गावाला पाणी सोडायचे, हे त्यांचे काम. भिंतीवर बाबांची टाकी दिसताच तिने पहिल्याच पानाचा फोटो काढला आणि आत्याला पाठवला. खाली लिहिले, ‘आत्या, आमच्या धड्यात बाबांची टाकी! खोटी बातमी ओळखायचा खेळ आहे.’

आत्याने खालचे न वाचताच घाबरून फोटो पुढे पाठवला. मिरचीचे शब्द मागे राहिले, फोटो एकटाच गेला.

मित्रांनो, मला समोरची भिंत सोडून काही दिसत नाही. बाकीचे सगळे मी ऐकतो, आणि नुसते ऐकू आले की भीती दुप्पट होते. मधल्या सुट्टीनंतर फाटकाकडून कालवा ऐकू आला. मग धावती पावले, आणि दारात शिपाईमामांचा धापा टाकणारा आवाज.

“बाई, टाकीखाली शंभरएक माणूस जमलंय! म्हणतात, टाकीवाल्यानं पाण्यात विष घातलं. कुणीतरी त्याला पांढरी पावडर टाकताना बघितलंय म्हणे. तो वर अडकलाय. लोकांच्या हातात दगड आहेत.”

“माझे बाबा?” मिरचीचा आवाज मला ओळखूच आला नाही.

बाईंनी मुख्याध्यापकांना पोलिसांना फोन करायला पिटाळले. त्या स्वतः टाकीकडे निघणार, तोच मुलांना घरी न्यायला आलेले पालक वर्गात घुसले. पुढे कोपऱ्यावरचा दुकानदार होता. टाकीखालच्या घोळक्यात त्याचे दोन भाऊ होते.

“आधी माझ्या मुलाला सोडा. इथलं पाणी पाजलंत का त्याला?”

“अहो, ती बातमी खोटी आहे,” बाई म्हणाल्या. “मी बनवलीय ती, शिकवण्यासाठी.”

“काहीतरीच काय! मला थेट दवाखान्यातून आलीय. त्या माणसाला वाचवायला बघताय तुम्ही.”

“मग तुमच्या फोनवरचा फोटो भिंतीवर लावू या. सगळ्यांसमोर.”

माझी पाचावर धारण बसली. तीच लाल अक्षरे पुन्हा माझ्याच तोंडून? आणि या भडकलेल्या माणसांसमोर? मला वाटले, आता दिवा फुटावा आणि सुटका व्हावी. पण तार जोडली गेली आणि मला दाखवावेच लागले. ‘पाण्यात विष’ भिंतीभर उमटले. एक आई रडू लागली. “बघा, बघा!” दुकानदार ओरडला.

तेवढ्यात मिरची उठली. तिची सावली भिंतीवर आली. तिने उजव्या कोपऱ्यात हात उंचावला.

“हा शेपट्या. आमच्या प्रोजेक्टरचा डाग आहे, काहीही लावलं तरी दिसतो,” ती म्हणाली. मग तिने बोट थोडे खाली, आत सरकवले. तिथे दुसरा पिवळा डाग होता. तस्साच, शेपटीसकट, फक्त आकाराने लहान. “आणि हा फोटोतला. फोटो दवाखान्यातून आला, तर त्यात आमचा शेपट्या कसा?”

दुकानदार भिंतीजवळ आला आणि दोन्ही डाग निरखू लागला.

“तो फोटो इथेच काढलाय,” मिरची म्हणाली. “मी काढलाय. मी आत्याला पाठवला.” आणि ती हमसून हमसून रडू लागली.

“तिनं काढला, पण लिहिलं मी,” बाई म्हणाल्या. “चूक माझी आहे. आता भावांना फोन लावा. मी टाकीवर येते, हेच सगळ्यांना सांगते.”

दुकानदाराने फोन लावला. “अरे, दगड टाक खाली. टाक म्हणतो ना!” मग सगळे धावत सुटले आणि वर्ग रिकामा झाला. मला बंद करायचेही कुणाला सुचले नाही. तासभर मी त्या रिकाम्या वर्गात ‘पाण्यात विष’ दाखवत राहिलो. टाकीवर काय झाले, ते मला कळत नव्हते. इतका भयंकर तास माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

पोलीस आणि बाई जवळजवळ एकदमच पोहोचले, असे नंतर कानावर आले. मिरचीचे बाबा जिवंत खाली उतरले. त्याआधीच एक दगड त्यांच्या कपाळावर बसला होता. सात टाके पडले.

पुढे महिनाभर मला कुणी चालू केले नाही. माझ्यावर धूळ साचली, आणि मला तेच बरे वाटले. मग एका दुपारी मिरचीचे बाबा वर्गात आले. बाईंना म्हणाले, “दाखवा बघू तो डाग.” बाईंनी मला कोरे पान दाखवायला लावले. त्यांनी भिंतीजवळ जाऊन त्या डागावरून बोट फिरवले.

“या डागानं वाचवलं मला,” ते म्हणाले. “पण बाई, अजून शिडी चढताना मी आधी मागं वळून बघतो.”

“शिकवणं बंद करू का मी?” बाईंनी विचारले.

“नको. अजून शिकवा. फक्त खोट्यावर ‘खोटं’ असं लिहून ठेवा, आडवं, मोठ्या अक्षरात.”

आता बाई तसेच करतात. त्यांचे सगळे बरे चालले आहे, पण माझी भीती गेलेली नाही. गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाच्या मामाने दूरच्या गावाहून एक फोटो पाठवला. टाकी तीच, अक्षरे तीच, वर नाव मात्र त्यांच्या गावाचे. त्या गावातही टाकीवर कुणीतरी माणूस चढत असेल. आणि या सुट्टीत मला काढून माझ्या जागी टीव्हीसारखा नवा पडदा बसवणार आहेत. मग शेपट्या कोण ओळखणार?

म्हणून मित्रांनो, जाता जाता एवढेच मागतो. कधी तुमच्या घरच्या फोनवर पाण्याच्या टाकीचा फोटो आला, तर पुढे पाठवण्याआधी उजव्या कोपऱ्यात वर बघा. तिथे शेपटीवाला पिवळा डाग दिसला, तर तो माझा आहे. ती बातमी खोटी आहे, मीच ती दाखवली होती. आणि डाग दिसला नाही, तरी थांबा, विचारा, कारण प्रत्येक खोट्या फोटोवर माझ्यासारख्याचा डाग नसतो.