पावाला दुसरा हात

झिवादिन सकाळपासून धुमसत होता. संत जॉर्जचा दिवस म्हणजे त्याच्या घराण्याची स्लावा, कुळाच्या संताचा सण. या सणाला आमच्याकडे कुणालाही आमंत्रण धाडत नाहीत. ज्याला यायचं तो आपणहून येतो, आणि यजमानानं दिवसभर घर सोडायचं नसतं. टेबलावर मेणबत्ती पेटली होती, भाजलेलं कोकरू निवत चाललं होतं आणि मधोमध सणाचा गोल पाव अख्खाच्या अख्खा बसला होता. तो एकट्यानं मोडायचा नसतो. दोघांनी धरायचा, फिरवायचा आणि मोडायचा. इतकी वर्षं त्याची दुसरी बाजू बायको धरायची. ती, स्तामेन्का, या हिवाळ्यात वारली. मुलगा व्हिएन्नात, त्याला म्हणे सुट्टी नाही. निम्मं गाव तिकडेच कामाला. दुपार उलटली तरी फाटक काही वाजलं नव्हतं.

समोरच्या घरात धाकटा भाऊ दोब्रिवोये राहायचा. संत तोच, सण तोच. मळ्याच्या बांधावरचं अक्रोडाचं झाड झिवादिननं न विचारता तोडलं, तेव्हापासून दोघांत अबोला होता. वाटसरूंची सरबराई करण्यात मात्र दोघांचा हात धरणारा कुणी नव्हता. दान्यूबच्या काठानं काळ्या समुद्राकडे निघालेले सायकलवाले उन्हाळाभर इथून जायचे. एकानं पाणी भरून दिलं की दुसरा पिशवीत चेरी कोंबायचा. एकानं चाकात हवा भरली की दुसरा रात्रीपुरती खोली उघडायचा. परदेशी पोरं दोघांनाही मिठ्या मारून जायची, आणि दोघे भाऊ एकमेकांच्या फाटकाकडे बघून थुंकायचे.

त्या दुपारी एक मुलगी आली. सायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या, चेन निसटलेली, हात काळे. झिवादिननं तिची चेन बसवून दिली, छातीवर हात ठेवून नाव सांगितलं. ती फेम्के. भाषा कळत नव्हती, पण तोंडाशी घास नेल्याची खूण कळली. ती हसली. तिचं एक पाऊल फाटकाच्या आत पडलं आणि झिवादिनला टेबलावरचा पाव दोघांनी धरलेला दिसायला लागला.

तेवढ्यात समोरून इस्त्रीच्या शर्टातला दोब्रिवोये धावत आला. "पोरी, इकडे ये! त्या मसणवट्यात काय जेवणार तू? माझं कोकरू गरम आहे!"

"मसणवटा कुणाला म्हणतोस रे?" झिवादिननं सायकलचं हँडल पकडलं.

"तुलाच! मी काय शेजाऱ्याच्या म्हशीशी बोलतोय?" दोब्रिवोयेनं मागचं कॅरिअर धरलं.

"सोड!"

"तू सोड! झाडं तोडणारा!"

मधल्यामध्ये ती बिचारी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. काहीतरी हळू पुटपुटली, सायकल हिसकून घेतली आणि सुटली. "अगं थांब! जेवून जा!" दोघे एकदमच ओरडले, तशी तिनं पायडल आणखी जोरात मारलं. वळणावर पिशव्या दिसल्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या.

"घालवलीस ना तिला!"

"मी? बोकडासारखा ओरडत कोण होता?"

झिवादिन उत्तर द्यायला गेला आणि थबकला. "तू इथे कसा? स्लावेच्या दिवशी घर कुणाच्या भरवशावर सोडलंस?"

दोब्रिवोये शर्टाचं बटण चाचपू लागला.

"कोण आहे घरात?"

"कुणी नाही," तो खाली बघत म्हणाला. "सकाळपासून कुणीच नाही."

झिवादिनला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट डोक्यात तिडीक गेली.

"मग मेल्या, समोर मी मेलो होतो का?"

"तू बोलावलं नाहीस."

"स्लावेला बोलावतात? आणि स्तामेन्काला पोचवायला? त्यालाही बोलावणं लागत होतं?"

"आलो होतो. चर्चच्या भिंतीआड उभा होतो."

"भिंतीआड!" झिवादिनचा आवाज फाटला. "खांदा द्यायला माणूस नव्हता रे! बाजूच्या गावचा ट्रॅक्टरवाला आणला मी! आणि परकी पोर दिसली की तुला पाझर फुटतो!"

"तुला नाही फुटत?"

"फुटतो! मलाही फुटतो! परक्याला वाढायला काय लागतं? तो उद्या निघून जातो!"

तो ताडताड आत गेला. दोब्रिवोये रस्त्यात तसाच उभा राहिला. झिवादिन पाव घेऊन बाहेर आला आणि त्यानं तो भावाच्या छातीवर जवळजवळ आपटलाच.

"धर. तुला बोलावत नाहीये मी. पाव धर!"

दोब्रिवोयेनं धरला. दोघांनी तो तीनदा फिरवला. पाव मोडला. आता म्हणायचं ते तीनदा म्हणायचं असतं.

"ख्रिस्त आपल्यामध्ये आहे," झिवादिन दात खाऊन म्हणाला.

"आहे, आणि राहील."

"ख्रिस्त आपल्यामध्ये आहे."

"आहे, आणि राहील."

"ख्रिस्त आपल्यामध्ये आहे."

"आहे..." दोब्रिवोयेनं बाहीनं डोळे पुसले. पुढचा शब्द फुटेना.

"बोल की! हेही अर्धवट सोडतोस?"

"राहील!" दोब्रिवोये रडत ओरडला. "राहील, राहील! झालं समाधान?"

"नाही झालं!" झिवादिननं आपला अर्धा पाव छातीशी धरला आणि भावाच्या फाटकाकडे निघाला. "चल, हो पुढे. तुझाही पाव अख्खाच पडला असेल ना!"