दुसऱ्या मुलीचा झगा

"सुईकाकू, तुमच्याकडे झगा घालून बघितला की मुलगी शाळेतनं गायब होते, ते कसं काय हो?"

विचारलं एकदाचं! टकळीने लगेच खिडकीकडे पाहिलं. चौकटीच्या खालच्या कडेशी चष्मिसचा चष्मा चमकत होता आणि त्याच्या शेजारी ठेंगूचा भांग. टाचा उंचावूनसुद्धा बिचारीचं कपाळ काही वर पोचत नव्हतं.

मधल्या सुट्टीत ठेंगूनेच डिवचलं होतं, "आमच्यापुढे तोंडाची टकळी चालवतेस, सुईकाकूंना तोंडावर विचारून दाखव, मग मानू." चष्मिसने तर नवाकोरा कंपास पणाला लावला होता. त्यात आज आईने शाळेतून येताना काकूंकडून उशीचे अभ्रे आणायला सांगितलेलं. आयतीच संधी चालून आली होती.

पायमशीनचा खडखडाट थांबला. चाक मात्र आपल्याच नादात आणखी थोडं फिरत राहिलं.

सुईकाकूंची खोली अख्ख्या गावाच्या ओळखीची होती. लग्नाचे कपडे शिवावेत तर काकूंनीच. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तार आणि तारेवर शिवून तयार झालेले झगे. दार उघडलं की वाऱ्याने ते सगळे एकदम दाराकडे वळायचे, कोण आलंय बघायला वळावं तसे. कोपऱ्यात एक बंद पडलेलं जुनं हातमशीन होतं आणि त्याने लाल फ्रॉक घातलेला होता. खरंच घातलेला. दोन्ही बाजूंना रिकाम्या बाह्या लोंबायच्या. लहान असताना टकळीला वाटायचं, रात्री ते मशीन उठून घरभर फिरत असणार. आता ती नववीत होती आणि असल्या गोष्टींना हसायची. पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून कधी उभी राहायची नाही.

"कुणी सांगितलं तुला हे?" काकूंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच, तोंडात टाचण्या धरल्यासारखा.

"सांगायला कशाला पाहिजे? आम्ही जोडलं. जुळ्यांतली मोठी तुमच्याकडे आली होती, तुम्ही म्हणालात, दुसऱ्या मुलीचा झगा शिवतेय, तुझ्याच अंगाची आहे, जरा घालून दाखव. तिने गिरक्याबिरक्या घेतल्या. पंधरवड्यात बाकावर नाही! मग गेल्या वर्षी घारी. घारीला पण असंच, दुसऱ्या मुलीचा झगा. आम्ही म्हटलं, ही दुसरी मुलगी आहे तरी कोण? गावात कुणाला दिसत कशी नाही?"

खिडकीखाली कुणीतरी फिसकन हसलं. काकू हसल्या नाहीत.

"ते जाऊ दे," टकळी म्हणाली, "मला आमचे अभ्रे द्या."

"कसले अभ्रे?"

"उशीचे. आईने टाकलेत ना शिवायला?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, खांदे, कंबर, पुन्हा खांदे. मग उठून तारेवरचा सगळ्यात शेवटचा झगा काढला. जांभळा. "अभ्रे नाहीत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मुलीचा झगा शिवतेय. तुझ्याच अंगाची आहे. जरा घालून दाखव."

बाहेरचं हसू वात विझावी तसं विझलं.

टकळीने जांभळ्या कापडाकडे पाहिलं. परवा भाकरी वाढताना आईने उगीचच विचारलं होतं, "तुला जांभळा रंग आवडतो ना गं?" आणि उत्तराची वाट न बघता पाठ फिरवली होती. त्या रात्री बाबा अर्ध्या भाकरीवरच ताटावरून उठले होते.

पळून जावं असं तिला वाटलं. पण तिला बाईंचा तास आठवला. शाळेत दर आठवड्याला विज्ञानाच्या बाई फक्त मुलींचा एक तास घ्यायच्या. खिडक्या लावून बाई फळ्यावर माणसाचा सांगाडा काढायच्या, कमरेचं हाड दाखवायच्या. हे अजून वाढतंय, म्हणायच्या, अठराच्या आत संसार आणि बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ. कायदा पण नाही म्हणतो. मग सगळ्यांना उभं करून बोलायला लावायच्या. पाय रोवून, आवाज पोटातून. "घाबरलात तरी बोला. घाबरून बोललेलं पण ऐकू येतं." पहिल्या तासाला टकळीच्या तोंडून सुतासारखा आवाज निघाला होता. आता तिचा आवाज पार मैदानापलीकडे जायचा.

तिने पाय रोवले. "घालते. पण मग माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं."

गणवेशावरूनच तिने झगा चढवला. तो थंडगार होता, आणि कोऱ्या कापडाचा वास त्याला नव्हता. साबणाचा होता, आणि त्या साबणाखाली आणखी कसलासा.

"नीट उभी राहा. वाढत्या अंगाची पोर, आत माया भरपूर सोडलीय. अंग भरलं की उसवून सैल करता येईल."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. टकळीने कडेची शिवण उलटून पाहिली. आत खरंच चार बोटं कापड होतं. पण त्या कापडावर बारीक भोकांची एक रांग होती, काखेपासून खालपर्यंत. मुंग्या गेल्यासारखी.

"काकू, इथे आधी शिवण होती."

काकूंच्या हातातला खडू थांबला.

"म्हणजे हा झगा उसवून सैल केला होता. आणि आता परत बारीक केलाय." टकळीचा आवाज तिचा तिलाच दुरून आल्यासारखा वाटला. "नवा नाहीये हा."

मग तिला बाही दिसली. डावी. मनगटाजवळची कड कुरतडल्यासारखी झाली होती, दोरे सुटलेले, कापड विरलेलं. चावून चावून. गणिताच्या तासाला उत्तर येईना की घारी डाव्या बाहीची कड तोंडात धरायची. बाई ओरडायच्या, "घारे, गणित खा, बाही नको!" आणि वर्ग खिदळायचा. तिच्या गणवेशाची डावी बाही आयुष्यभर अशीच होती.

ठेंगू शपथेवर सांगायची की मागच्या महिन्यात तिने घारीला वर्गाच्या खिडकीबाहेर पाहिलं. नुसती उभी होती, कविता म्हणताना वर्गाबरोबर तिचेही ओठ हलत होते. सगळ्यांनी ठेंगूची टर उडवली होती.

"घारी कुठाय?"

काकू स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांनी टेपची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

"बाळंतपणात गेली," त्या म्हणाल्या. "पावसाळ्याच्या आधी, चार महिने झाले. बाळ पण गेलं."

म्हणजे मागच्या महिन्यात... टकळीने तो हिशेब तिथेच सोडून दिला.

"आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

"शाळा सोडलेली पोर मेली, तर शाळेला सांगायला कोण येणार? तिची सासू झगा घेऊन आली. म्हणाली, कापड चांगलं आहे, फेकायचं कशाला. मुलगा अजून तरुण आहे. नवीन स्थळ बघितलंय, त्या मुलीच्या मापाने करून द्या." काकूंनी बाहीकडे पाहिलं. "कड बदलायची राहिली होती. आज बदलणार होते."

दुसऱ्या मुलीचा झगा, काकू म्हणाल्या होत्या. या वेळी तेवढं खरं होतं.

"तुम्ही घालायला का लावता मग?" टकळी ओरडली. "का नाही सांगत?"

"मला विचारलं कुणी?" काकू हळूच म्हणाल्या. "इतक्या जणी इथे उभ्या राहिल्या. गिरक्या घेतल्या, आरशात बघितलं. कुणाचा म्हणून एकीने विचारलं नाही. मी म्हणायचे, आता विचारेल. विचारलं तर सांगीन. आणि शिवत राहायचे." त्यांनी कोपऱ्याकडे मान केली. "मी पण विचारलं नव्हतं."

टकळीने पहिल्यांदा त्या लाल फ्रॉककडे नीट पाहिलं. गळ्याला जरीची किनार होती. काकूंच्याच लग्नाची. हातमशीनच्या मापाचा झगा. कापावा लागला नव्हता, शिवावा लागला नव्हता, आहे तसा मशीनला बसला होता.

दुपारचं ऊन खिडकीतून सरकलं आणि तारेवरचे झगे सगळे एकदम हलले. दार बंद होतं.

टकळी खिडकीशी गेली. चष्मिस आणि ठेंगू भिंतीला चिकटून रडत होत्या. बाईंच्या तासाला त्यांनी हे नाटक कितीदा तरी केलं होतं. एकीने बोलायचं, एकीने तिच्याबरोबर उभं राहायचं, एकीने बाईंना आणायला पळायचं. दर वेळी कुणीतरी हसून घोळ घालायचं.

"ठेंगू, तू पळ," टकळी म्हणाली.

ठेंगू नाक पुसत जी सुटली, ती चपला तिथेच टाकून.

"झगा काढून ठेव," काकू म्हणाल्या.

"नाही."

ती तशीच रस्त्यावर उतरली. पिठाच्या गिरणीपाशी बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, एवढ्यात?" जांभळा घोळ पायात अडकत होता, आणि टकळीला सारखं वाटत होतं की पावलं दोघींची वाजताहेत. चष्मिस शेजारून चालत होती, पण अनवाणी असल्यासारखी, पावलांचा आवाज न करता. टकळीने मागे पाहिलं नाही. चावलेली कड तिने मुठीत घट्ट धरली, कुणाचा हात धरावा तशी.

आई उंबऱ्यातच होती. झग्यातल्या लेकीला पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं, मग भीती. बाबा खाटेवरून उठले.

"हे काय? घालून कशाला आलीस?" आईने तिला आत ओढलं. "लोक बघतायत!"

"बघू दे. आई, ही बाही बघ."

"फाटलीय होय? काकू शिवून देतील..."

"फाटली नाही. घारीने चावलीय."

आईने बाही सोडली. भाजल्यासारखी. बाबांकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता, त्यांची पहिली सून तापाने गेली. नवीन झगा करतायत म्हणाला होता."

"मला त्यांनी तेच सांगितलं," बाबा म्हणाले. ते पुन्हा खाटेवर बसले. "घर चांगलं आहे, काही मागत नाहीत..."

दारात सावली पडली. सुईकाकू आल्या होत्या. गळ्यात टेप तशीच, पायात चप्पल नाही. आजवर त्या कुणाच्या दारी अशा आल्या नव्हत्या. आत न येता त्या चष्मिसच्या शेजारी उभ्या राहिल्या, सोबतीला उभं राहायचं काम जिला दिलं होतं तिच्या शेजारी. रस्त्याच्या टोकाला ठेंगूचा आवाज येत होता, "बाई, लवकर, बाई!"

टकळीने पाय रोवले.

"आई, बाबा, मी लग्न करणार नाही. उद्या शाळेत जाणार, दहावी करणार, पुढचं पण शिकणार. आणि हा झगा त्यांना परत द्यायचा नाही. कितीही माणसं येऊ देत मागायला. परत दिला तर ते आणखी एकीच्या मापाचा करतील. हा आता माझ्याकडे राहणार."