बर्फ नको म्हणणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. बाहेरून पांढरं प्लॅस्टिक, आतून थर्माकोल, वर धरायला कडी. तुम्ही म्हणाल, डब्याला कसलं आलंय आत्मवृत्त? मलाही तसंच वाटायचं. पण नाशिकजवळच्या मखमलाबादला पुंजानानांच्या घरात मी जे सोसलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं झाकण नीट बसणार नाही.

माझा जन्म मुंबईजवळच्या कारखान्यात झाला. भावंडं पुष्कळ. कुणाच्या नशिबी आइस्क्रीम आलं, कुणाच्या नशिबी मासळी. माझी निवड मात्र नाळेतलं रक्त वाहून नेण्यासाठी झाली. मूल जन्मलं की नाळ कापतात. त्या नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं, आणि त्या रक्तात नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. ते जपून ठेवणाऱ्या बँका आपल्याकडे तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. माझ्या पोटात रक्ताची रिकामी पिशवी ठेवली, आतली हवा फार तापू नये म्हणून बाजूनं जेलची पाकिटं लावली आणि झाकणावर एक कागद चिकटवला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, की गोठवू नये, बर्फ घालू नये. वाचता न येणाऱ्यांसाठी बर्फाची चांदणी काढून तिच्यावर लाल फुली मारली होती. इतक्या स्पष्ट स्वभावाचा मी. माझ्याबद्दल गैरसमज होईलच कसा, असं मला वाटायचं. तरुणपणी असं वाटतं.

ललित नावाचा बँकेचा एक विक्रेता मला घेऊन नाशिकला आला. पुंजानानांचा मुलगा रविराज सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याची बायको भाग्यश्री हिला सातवा महिना लागला होता. ललित ओसरीवर बसून गोड आवाजात म्हणाला, "सर, उद्या बाळाला काहीही झालं तरी हे रक्त आहेच. अगदी मेंदूला काही झालं तरी."

"पोरगी अजून बाळंत नाय झाली आन हा मेंदूवर गेला," नाना पुटपुटले. पण रविराजला ललितचं बोलणं पटलं आणि मी घरात राहिलो.

राहिलो म्हणजे कसा? रविराजनं माझा कागद वाचला, मान डोलवली आणि कुणालाही काही सांगितलं नाही. वाचलेलं स्वतःपाशी ठेवण्यात या माणसाचा हातखंडा होता. त्याची आई लंकाबाई हिनं माझं घट्ट झाकण पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यात डिंकाचे लाडू भरले. एका जीवरक्षक डब्याला तुपाचा वास! भाग्यश्रीनं ते लाडू बाहेर काढले, मला पुसलं आणि सासूला म्हणाली, "आई, हा दवाखान्याचा डबा आहे."

"मंग? लाडू कुणासाठी केलेत? बाळंतिणीसाठीच ना?" लंकाबाई म्हणाली. भाग्यश्रीनं एक लाडू तोंडात टाकला आणि मला कपाटावर ठेवलं.

मग ऐन वैशाखात भाग्यश्रीला दवाखान्यात नेलं, सोबत मलाही, आणि ती बाळंत झाली. मुलगी झाली, पण नाळेचा वेढा गळ्याभोवती बसला होता आणि पोर रडलीच नाही. एका बाजूला बाळाचा श्वास सुरू करायची धावपळ, दुसऱ्या बाजूला नर्सनं नाळेतलं रक्त पिशवीत घेतलं, पिशवी माझ्यात ठेवली आणि मला दाराशी उभ्या असलेल्या नानांच्या हातात दिलं. "संध्याकाळी बँकेची गाडी येईल, तिच्यात द्या. मुंबईला जायचंय." रविराज तेव्हा काचेला नाक लावून आत बघत उभा होता.

मित्रांनो, पुंजानाना गुलाबवाले. सगळं आयुष्य त्यांनी गुलाब खुडून मुंबईच्या फुलबाजारात पाठवले होते, आणि तेही माझ्यासारख्याच डब्यांतून. त्यांच्या लेखी हिशोब सरळ होता. देठ कापला की माल बर्फात. आता नाळ म्हणजे दुसरं काय? देठच की! नानांनी माझं झाकण उघडलं, जेलची पाकिटं चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "ही तर गरमच हायेत. कसारा घाटात माल पार बसंल." मग मला काखेत मारून ते थेट बर्फवाल्याकडे गेले. पाकिटं बाहेर, फोडलेला बर्फ आत. वर खडेमिठाच्या मुठी, कारण मिठानं गारवा आणखी कडक होतो, हे प्रत्येक फूलवाल्याला ठाऊक असतं.

मी माझ्या कागदासकट त्यांच्या डोळ्यांसमोर होतो. लाल फुली होती, चांदणी होती. नानांनी ती चांदणी पाहिली आणि बर्फवाल्याला म्हणाले, "बघ, वर बर्फाचं चित्रच काढलंय. कंपनी हुशार हाय." यापलीकडे डब्यानं काय करावं, सांगा मला! पिशवीच्या कडेनं रक्त गोठत गेलं. असं भलत्या पद्धतीनं गोठलं की पेशी फुटतात, आणि फुटलेली पेशी काही कामाची राहत नाही.

मी गाडीतून मुंबईला पोचलो आणि तिथून बँकेचा फोन रविराजला आला. आत बर्फ आणि मीठ कुणी घातलं, अशी विचारणा झाली. रक्त वाया गेलं होतं. हे नानांचंच काम, हे रविराजला लगेच उमगलं. काही दिवसांनी ललित मला रिकामा परत घेऊन आला, तेव्हा बापाचा घाबरा चेहरा बघून रविराजच्या तोंडून निघालं, "रक्त मुंबईला कुलपात आहे, नाना. डबा तेवढा परत आलाय." नानांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि माझा खरा छळ सुरू झाला.

पोर वाचली होती. सायली नाव ठेवलं. पण जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता आणि महिने गेले तसे तिचे पाय ताठ व्हायला लागले. डावा जास्तच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना रविराजनं एकट्यानं गाठून विचारलं, की ते रक्त असतं तर? त्या म्हणाल्या, "परदेशात अभ्यास चालू आहेत. उपयोग होतो की नाही, हे आज कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. व्यायाम मात्र आपल्या हातात आहे. रोज करा. पाय आखडू देऊ नका."

भाग्यश्री रोज पोरीचे पाय ताणायला बसायची. सायली किंचाळायची. नाना अंगणातून धावत यायचे. "सोड तिला! कशाला लेकराचे हाल करती? त्या रक्ताचं मुंबईचं औषध यायचंय अजून."

"पण नाना, डॉक्टर म्हणाल्यात..."

"डॉक्टरला काय, तिची नात हाय का ती?"

आणि भाग्यश्री हात सोडायची. मला तर लंकाबाईनं देव्हाऱ्याशेजारी बसवलं होतं. रोज हळद-कुंकू, सणाला झेंडूची माळ. शेजारणी येऊन हात जोडायच्या. "यात सायलीचा जीव हाय म्हणं." माझ्यात काय आहे? काही नाही! थोडं मीठ, कोपऱ्यात चिकटलेलं. आतून रिकामा आणि वरून पूजलेला, अशी माझी गत. इकडे माझ्यावर कुंकवाचे थर चढत होते, तिकडे पोरीची टाच जमिनीला टेकेनाशी होत होती. मला तोंड असतं तर सगळ्या घराला शिव्या घातल्या असत्या, आणि पहिली रविराजला.

सायली दीड वर्षाची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचा डावा पाय हातात घेतला आणि त्यांचा आवाज चढला. "व्यायाम बंद होता ना? असाच राहिला तर हा पाय कधी टेकायचा नाही."

घरी आल्यावर भाग्यश्रीनं पोर सासऱ्यापुढे बसवली. घरात आजवर तिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. "नाना, मुंबईचं औषध कधी येणार ते आज विचारा तुमच्या मुलाला. माझ्यादेखत विचारा."

रविराज माझ्याकडे बघत राहिला. जणू मीच बोलणार होतो. शेवटी म्हणाला, "औषध नाही येणार, नाना. तिथं काही नाहीच. तेव्हाच वाया गेलं. बर्फानं."

नानांनी सायलीचा पाय हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "मीठबी घातलं व्हतं म्या."

"मी कागद वाचला होता, नाना. सांगितलं नाही तुम्हाला."

"अन मंग दीड वरीस का नाय सांगितलं, येड्या? मी लेकराचे पाय हलू देत नव्हतो रे!" नानांचा आवाज फाटला. ओरडल्यावर ते रडले आणि रडल्यावर तोंड धुऊन आले.

सकाळी नानांनी मला देव्हाऱ्याजवळून उचललं. लंकाबाई कळवळली, "अहो, देवाजवळचा डबा..."

"रिकामा हाय त्यो," नाना म्हणाले. त्यांनी माझ्या पोटात गुलाबाच्या वाफ्यातली माती ठासून भरली, म्हणजे मी हलू नये, आणि मला अंगणात सायलीपुढे ठेवलं. मग स्वतः तिचे पाय ताणायला बसले. पोर रडायची, नानाही रडायचे, आणि दोघंही व्यायाम पुरा करायचे. पुढं पुढं ती माझी कडी धरून उठायला लागली. पायाला पट्ट्या बांधून, कधी धपकन पडत, एक दिवस माझ्याच आधारानं उभी राहिली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या डब्याला हळद-कुंकू वाहत असतील, तर तेवढं झाकण उघडून आत बघा. आणि कुणी काही वाचलं असेल, तर ते मोठ्यानं वाचा. आशा ठेवायला माझी ना नाही. पण ती बसून राहायला लावणारी असेल, तर तिच्यात मीठ पडलंय असं समजा.

आता माझी कडी तुटली आहे. कागद केव्हाच फाटला, फक्त लाल फुली उरली आहे. सायली बालवाडीत जाते, लंगडते आणि संतापी आहे. मनाविरुद्ध झालं की अंगणात येऊन मला लाथ घालते. माझ्या एका बाजूला खळगा पडला आहे. कुणीही तिला रागवत नाही. नाना तर खाटेवरून ओरडतात, "आणखी एक घाल!"

मीही तक्रार करणार होतो. पण लाथ डाव्या पायाची असते.