दुसऱ्या गाडीची चाकं

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण आमच्या यांना तरी कुठे कळतं? जन्म सगळा शिलाई मशीनवर गेला. यांनी लोकांचे कोट शिवले आणि मी शेजारी बसून काजं-बटणं केली. तरी त्या दिवशी हा माणूस गळ्यातली टेप काढून अंगणात उकिडवा बसला आणि चक्क चाकाची मापं घ्यायला लागला. मी दारातून म्हटलं, "अहो, त्याला बाही लावताय की कॉलर?"

"भोकं चार आहेत," हे म्हणाले. मान वर केलीच नाही. "आपल्या गाडीलाही चारच. अंतरही तेच. बसणार म्हणजे बसणार."

चाकं आमच्या मुलाची. त्याची गाडी नवी, ऐसपैस. आमची म्हातारी, एवढुशी, दुसऱ्याच मॉडेलची. त्याने हौसेने अलॉय व्हील बसवून घेतली होती. सुट्टीच्या दिवशी जुना टूथब्रश घेऊन त्यांच्या फटी घासत बसायचा. "अरे मेल्या, स्वतःचे दात एवढे घासले असतेस तर दातांचा डॉक्टर उपाशी मेला असता," असं मी म्हणायचे, आणि तो त्याच ब्रशने माझ्या अंगावर पाणी उडवायचा. मागच्या महिन्यात कामावर जाताना त्याच्या गाडीवर शेजारून चाललेला ट्रक कलंडला. वरचं सगळं चपटं झालं. खाली चाकं जशीच्या तशी. देवाला वाचवायला चाकंच सापडली.

हे भंगारवाल्याकडे गेले आणि ती सोडवून आणली. गाडीकडे बघितलंत का, म्हणून मी विचारलं नाही.

आणि आमची नात, भिंगरी. खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. चार वर्षांची. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "पोरीला मी सांगणार. कुणी मध्ये पडायचं नाही." आणि मग आजचं उद्यावर, उद्याचं परवावर. बाबा गाडी घेऊन लांब कामाला गेलेत, असं आम्ही तिला सांगितलेलं. रोज उठून विचारायची, "आज येणार?" हे म्हणायचे, "बघू हं." काय बघू? मला तर वाटायचं यांच्या पाठीत एक धपाटा घालावा. पण मी स्वतः तरी कुठे सांगत होते?

सून महिनाभर मोजकंच बोलत होती. त्या सकाळी चपला घालता घालता थांबली. "आबा, शाळेत तिला दुसऱ्या कुणी सांगितलं, तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही." तोंडावर बोलली. बरं झालं बोलली.

"आज सांगतो," हे म्हणाले. "चाकं तेवढी बसवून आणतो, मग सांगतो."

चाकांचा आणि सांगण्याचा काय संबंध, ते मला विचारू नका. मीही गाडीत बसले, कारण यांना एकट्याला सोडायची माझी हिंमत नव्हती.

टायरवाला ओळखीचाच. मुलाच्या गाडीला ही चाकं त्यानेच बसवली होती. डिकी आणि मागचं दार उघडलं तसा तो बघतच राहिला. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, एक चाक उतरवून भिंतीला टेकवलं.

"आबा, ही या गाडीची नाहीत."

"कुणाची आहेत ते मला माहीत आहे."

"तसं नाही म्हणत मी. मॉडेल वेगळं आहे." तो बिचारा समजावायला लागला. चार भोकं जुळतात, पण मधलं मोठं भोक आपल्या गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल उंचवट्यापेक्षा, मोठं आहे. चाक नुसत्या नटांवर लटकेल आणि वेगात थरथरेल. शिवाय ते बाहेर येतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासणार. आणि आपले नट या चाकाच्या खाचेत नीट बसतच नाहीत. घट्ट वाटतात, पण घट्ट नसतात.

"म्हणजे कंबरेत ढिलं आहे," हे म्हणाले. "मग आत अस्तर लाव."

टायरवाल्याला हसू आलं. "अस्तर मिळतं, आबा. मध्ये कडी बसवतात. नटही वेगळे मिळतात. पण कशाला? तुमची आहेत ती चाकं चांगली आहेत की."

"अंगाला येत नाही म्हणून मी एक गिऱ्हाईक कधी परत पाठवलं नाही. बापाचा कोट उसवून पोराला बसवून दिलाय मी. मग पोराचा बापाला का बसणार नाही?"

"आबा, कोट उसवला तर लाज जाते. चाक सुटलं तर जीव..." आणि त्याने जीभ चावली.

शेवटी मीच म्हटलं, "बसव रे बाबा. कड्या लाव, नट लाव, काय लागेल ते लाव, पण नीट बसव. हा माणूस रडत नाही, धड जेवत नाही, नुसती मापं घेत फिरतोय. एकदाची बसू देत."

त्याने मनापासून केलं, खोटं कशाला बोलू. गाडी जॅकवर घेतली. हब तारेच्या ब्रशने घासून काढले, कड्या दाबून बसवल्या, प्रत्येक नट आधी हाताने फिरवला आणि मग पाना लावला, एक इकडचा, एक त्याच्या समोरचा. यांना कोण कौतुक! "बघ, असंच असतं. एका बाजूने आवळत गेलं की शिवण ओढते," म्हणून मला शिकवत होते. जसं काही मी कधी सुई हातात धरलीच नव्हती.

शेवटचं चाक देतो म्हणाले आणि भिंतीपासून स्वतः उचललं. दोन्ही हातांनी छातीशी धरलं. शर्टाला काळे पट्टे उमटले. टायरवाल्याने हात पुढे केले. "द्या, आबा."

दिलंच नाही. नुसते उभे राहिले.

"अहो, सोडा," मी म्हटलं.

"जड आहे गं," हे म्हणाले. "एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं."

तेव्हा माझा बांध फुटला, रडू काही केल्या आवरेना. मी तोंडात पदर कोंबून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा गाडी जमिनीवर होती.

"स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवू नका," टायरवाल्याने दहादा सांगितलं. "मागे माणसं बसवू नका. आणि चार दिवसांनी या, नट परत बघू." मागे बसवायला जागा होतीच कुठे? आमची जुनी काळी चाकं दोन मागच्या सीटवर, दोन डिकीत.

परतीचा प्रवास म्हणजे द्राविडी प्राणायाम. जिथे म्हणून झटकन वळायचं, तिथे हे सरळच जायचे, कारण पूर्ण वळवायचं नाही ना! सगळ्या वस्तीला वळसा घातला. मी म्हटलं, "अहो, घर मागे राहिलं."

"राहू दे," हे म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "बसली की नाही?"

"बसली."

"त्याच्या गाडीसारखाच आवाज येतोय, ऐक."

मी कान दिला. मला टायरचा आवाज आला. "येतोय," मी म्हटलं.

"आज सांगतो तिला. पुढे मांडीवर घे तू. एक चक्कर मारू, आणि मग सांगतो." एवढं बोलून पुढचं वळणही सोडून सरळच गेले.

आमच्या अंगणाचं फाटक पत्र्याचं, खालून वीतभर उघडं. उभ्या माणसाला त्यातून रस्ता दिसत नाही. पण सून कामावरून येताना भिंगरीला शाळेतून घेऊन आली होती, आणि ती अंगणात फरशीवर पालथी पडून खडूने रेघोट्या ओढत होती. हे आम्हाला मागाहून कळलं. आम्ही फाटकासमोर गाडी लावली, एवढंच.

आतून किंकाळी आली. "आई! बाबा आले! बाबांची चाकं आली!"

फाटक धडाधडा वाजायला लागलं. खालच्या फटीतून चिमुकली बोटं बाहेर आली, खडूने पांढरी झालेली. "बाबा, मी इथे आहे! दार उघडा ना!"

हे उतरले कसे आणि फाटक उघडलं कसं, मला सांगता येणार नाही. भिंगरीने यांच्याकडे बघितलं आणि यांना बाजूला सारून सरळ गाडीकडे धावली. उघड्या दारातून आत डोकावली. तिथे मी. मागे बघितलं. तिथे काळी चाकं. मग हसली, लबाड कुठली. "डिकीत लपलेत!"

आणि माझ्या वेड्या नवऱ्याने डिकी उघडून दाखवली.

सून पायरीवर उभी होती. पुढे येईना, मागे जाईना.

"आबा, बाबा कुठायत?"

हे तिथेच रस्त्यावर बसले, तिच्या उंचीला आले. मला वाटलं, आता म्हणतील, बघू हं.

"बाबा मेले, राणी," हे म्हणाले. "ते आता कधीच येणार नाहीत."

इतके दिवस हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

भिंगरीने चाकाकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. "खोटं. चाकं आलीत."

"ती मी आणली गं. तेवढीच आणता आली मला."

"मग बाबांना का नाही आणलंत?" ती ओरडली आणि दोन्ही मुठींनी यांना मारायला लागली. छातीवर, खांद्यावर, तोंडावर, लागेल तिथे. "बाबांना का नाही आणलंत? बाबांना का नाही आणलंत?" यांनी हात वर केले नाहीत, तोंड फिरवलं नाही. रडत होते आणि मार खात होते. सून धावत आली आणि दोघांच्या शेजारी बसली, मीही गाडीतून उतरले, पण पोरीचा हात आमच्यापैकी कुणीच धरला नाही.