चढावरचा ताप

"हीटर लाव, हीटर!" हे ओरडले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, गाडी घाटाच्या निम्म्यावर आली होती, आणि या माणसाला हीटर हवा होता! मी बटण फिरवलं. तोंडावर भट्टीतून आल्यासारखी गरम हवा आली.

"इंजिनाची उष्णता आपण आत ओढून घ्यायची," हे घाम पुसत म्हणाले. "तेवढाच त्याला आराम."

इंजिनाला आराम पडला नाही, आमची मात्र उकड निघाली. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला, बॉनेटखालून वाफ सुटली आणि गाडी कडेला लावून आम्ही दोघं उकडलेल्या बटाट्यांसारखे बाहेर पडलो. याही खेपेला घाट अर्धाच झाला.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. सारी नोकरी उभ्या विहिरीत वर-खाली करण्यात गेली, पण वेगाची हौस जन्माची. निवृत्त झाल्यावर ही जुनी गाडी घेतली, तीही साधीसुधी नाही. आधीच्या मालकाने तिला बाहेरून टर्बो बसवून घेतला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबायची सोय. पाय दाबला की गाडी झेपच घेते. मी सुरुवातीला पांढरा हत्ती, पांढरा हत्ती म्हणून खूप बोलून घेतलं.

गाडी दारात आली आणि पाठोपाठ डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. नजर कडांनी मिटत चालली आहे. या महिन्याअखेरपर्यंत दिवसाउजेडी, कुणाला तरी शेजारी बसवून चालवा, मग स्टिअरिंग सोडा. मी नर्स आहे. असल्या बाबतीत मी नवऱ्याचंही चालू देत नाही. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, पुढे गाडी मी चालवीन, असं मी बजावलं. यांनी वाद घातला नाही. इतकंच म्हणाले, "एकदा घाट न थांबता चढू दे. मग घे किल्ली."

त्या दिवसापासून पांढरा हत्ती माझाही झाला. आणि आता महिन्यातला एकच रविवार उरला होता.

घाटातून गाडी कशीबशी गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रीने आजवर तिचं काय काय बदललं नव्हतं? पाण्याचा पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, रेडिएटरचं झाकणही नवं. आता त्याने मान हलवली.

"काका, इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट गेलं असेल तर संपलं. इंजिन उघडावं लागेल. मग या महिन्याचं विसरा."

इंजिन जरा निवल्यावर त्याने रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी धरली. तिच्यात निळं औषध होतं. इंजिनातला धूर पाण्यात शिरत असेल, तर ते पिवळं पडतं म्हणे. वॉर्डात मी ढिगाने रिपोर्ट पाहिले असतील, पण असा जीव मुठीत धरून एकही नाही. आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून त्या नळीकडे बघत होतो.

"निळं!" हे ओरडले. "निळंच आहे! बघ, बघ!" पोरगं पहिलं आल्यासारखा यांचा चेहरा फुलला होता.

"मग दुखतंय कुठे हिला?" मिस्त्री वैतागला. त्याने इंजिन चालू केलं, पाय दाबून गुरगुरवलं. काटा शहाण्या मुलासारखा मध्यावर. "बघा, इथे ठणठणीत!"

मला राहवलं नाही. "अहो, पेशंटला पडून असताना ताप नाही, जिना चढला की ताप येतो. आणि तुम्ही दोघं त्याला झोपवूनच तपासताय!"

"अगं, लिफ्ट आधी बंद करायची, मगच हात घालायचा. पहिला नियम आहे आमचा."

"ही लिफ्ट आहे का?"

हे मिस्त्रीकडे वळून सावकाश म्हणाले, "उभी असताना पंखा हवा ओढतो. पण पळताना?"

"पळताना पुढून वारा आपोआप येतो, काका. रेडिएटरमधून जातो आणि पाणी थंड करतो."

"जातो का?" मी विचारलं.

"आता सिस्टर, हवा काय डोळ्यांना दिसते?"

मी पिशवीतून लोकर काढली. नातवाचा स्वेटर चालू होता, त्याची एक बाही लांबणीवर पडली. लाल लोकरीचे बोटभर तुकडे केले आणि बँडेजच्या चिकटपट्टीने रेडिएटरच्या जाळीवर, बाजूच्या फटींच्या कडांवर, सगळीकडे चिकटवले. यांचा मोबाइल व्हिडिओ चालू करून जाळीच्या कोपऱ्यात घट्ट बांधला. "पडला तर?" हे कुरकुरले. "तर लिफ्टने वर आणा," मी म्हटलं. मिस्त्री खो-खो हसला आणि स्वतःच गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर सुसाट गेला.

परत आल्यावर आम्ही मोबाइलवर तुटून पडलो. गाडीने वेग घेतला तरी रेडिएटरवरचे धागे मेल्यासारखे लोंबत होते. फटींवरचे मात्र ताठ, फडफडत, मागे धावत होते!

"पळवाट!" हे टाळी वाजवून म्हणाले. "हवा बाजूने पळतेय!"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. टर्बोची हवा निववायला आधीच्या मालकाने रेडिएटरच्या पुढ्यात आणखी एक जाडजूड जाळी बसवली होती, आणि तिला जागा करायला वारा रेडिएटरकडे वळवणारे बाजूचे पडदे काढून फेकले होते. "समोर दोन-दोन जाळ्या आणि बाजूला दार सताड उघडं. हवा कशाला झक मारायला आत जाईल? आणि मी येडा पंप बदलत बसलो!"

आता मात्र यांच्या अंगात आलं. फटी बुजवायला मिस्त्रीने पत्रा काढून दिला, कडांना लावायला रबर दिलं. यांना बाजूच्या फटी नीट दिसत नव्हत्या. हे बोटांनी चाचपायचे, डोळे मिटून अंदाज घ्यायचे आणि माप सांगायचे. मी आखायचे, मिस्त्री कापायचा. एकही तुकडा पुन्हा कापावा लागला नाही.

रविवारी सकाळी आम्ही घाटाला लागलो. अट माझी होती: यांनी फक्त रस्ता बघायचा, काटा मी बघणार आणि कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही.

"काटा?"

"मध्यावर."

पहिली वळणं गेली. टर्बो शीळ घालत होता. जिथे आमची उकड निघाली होती ती जागा आली, आणि मी काट्यावर नजर रोखली.

"काटा, काटा?"

"अहो, मध्यावरच! चला!"

पुढे रस्ता मोकळा होता. यांनी पाय दाबला. पाठ सीटला चिकटली आणि मी, एवढी वयाची बाई, शाळेतल्या पोरीसारखी किंचाळले. हेही ओरडत होते. काय ओरडत होते ते मला कळलं नाही, यांनाही कळलं नसावं. शेवटचं वळण घेतलं आणि समोर एकदम आकाशच आलं. चढ संपला होता!

मी यांच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलात!"

यांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. टर्बोची गाडी पोचल्या पोचल्या बंद करत नाहीत, मिनिटभर तशीच चालू ठेवतात, म्हणजे तापलेला टर्बो हळूहळू निवतो. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. मिनिट गेलं. मग आणखी बरीच मिनिटं गेली. टर्बो केव्हाच निवला होता, ते मलाही कळत होतं. मी काचेतून बाहेर बघत राहिले.

मग यांनी किल्ली फिरवली, काढली आणि माझ्या हातात ठेवली. खाली उतरून, गाडीला हात लावत लावत, बॉनेटपुढून वळसा घालून हे माझ्या दाराशी आले आणि मी उठायची वाट बघत उभे राहिले.